संपत, तुला लोखंडानं मारलं नाही

संपत, काल तुझ्या शोकसभेत मी भांडलो. तुला नवल वाटायचं कारण नाही. मी गप्प बसलो असतो तर हार घातलेल्या त्या फोटोतून तूच विचारलं असतंस, "बिरा, बरा हायस न्हवं?"

मंडप तालमीसमोरच्या पटांगणात घातला होता. तालमीच्या उंबऱ्याच्या आत मला मनाई आहे, पण पटांगण ग्रामपंचायतीचं आहे, म्हणून मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो. तालीम समितीच्या अध्यक्षांनी माईक घेतला आणि सांगितलं, "संपतराव म्हणजे तांबड्या मातीचा मल्ल. आयुष्यात कधी लोखंडाला शिवला नाही." सगळ्यांच्या माना हलल्या. मग माजी सरपंच उठले. ते म्हणाले, "अलीकडं संपतराव त्या जिमच्या नादाला लागले होते. शेवटी लोखंडानंच काळीज फोडलं. पोरांनी ह्यातनं धडा घ्यावा." पुन्हा माना हलल्या. त्याच माना.

मी मेंढरांच्या बाजारात म्हातारा होत आलोय. एकच मेंढा दोन गिऱ्हाइकांना विकणारा दलाल मला लांबून ओळखू येतो. इथे तर तूच विकला जात होतास. एकाने तुला लोखंडाला न शिवलेला म्हणून विकलं, दुसऱ्याने लोखंडाने मेलेला म्हणून, आणि मधे कुणाला काही खटकलं नाही.

तरी मी बसून राहिलो. पण तिसरे उठले तुझे थोरले बंधू, अण्णा. डोळे पुसत म्हणाले, "आता स्नेहलचं बास. ते लोखंडी बार उचलणं बी बास आन् कुस्ती बी बास. बारावी झाली की फलटणला मामाकडं जाईल. एक गेला घरातला, आता दुसरं न्हाई घालवायचं." तुझी पोरगी बायकांत बसली होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. तेव्हा मी उठलो.

पुढे काय झालं ते सांगतोच. पण त्याआधी तुझं-माझं जे राहिलंय ते बोलून घेऊ. आता तू मधेच "जाऊ दे की रं" म्हणून विषय बदलू शकत नाहीस. एवढा एक फायदा मला मिळालाय, तो मी घेणार.

मला तालमीत आणलंस तूच. माझा बाप दुष्काळी भागातून मेंढरं घेऊन तुमच्या रानात खतासाठी बसवायला यायचा. एका वर्षी आम्ही परत गेलोच नाही. गायरानाच्या कडेला पाल ठोकलं आणि मला तुमच्या शाळेत घातलं. मधल्या सुट्टीत तू माझ्याशी झोंबी घेतलीस आणि पडलास. दुसरा कुणी असता तर घरी जाऊन चुलत्यांना घेऊन आला असता. तू कपडे झाडलेस आणि म्हणालास, "संध्याकाळी तालमीत ये." दारातच एकाने अडवलं, "ह्यो मेंढरामागचा कुणाचा?" तू म्हणालास, "माझा जोडीदार हाय." त्या एका शब्दावर मी आत गेलो.

आणि दूध. पैलवानाला मेहनतीइतकाच खुराक लागतो, आणि आमच्या पालात मेंढीचं दूध असायचं तेही बाजाराला जायचं. तुझी आई रोज एक मोठा लोटा भरून द्यायची. तू तिला सांगितलंस की एकाने भागत नाही, दोन लागतात. दुसरा माझा असायचा. ती माउली गेली तोवर तिला वाटत होतं की आपला पोरगा दोन लोटे पितो. तुझं खोटं मला आयुष्यात दोनदा लागलं, संपत. एकदा ते माझ्या पोटात गेलं. दुसऱ्यांदा तोंडावर बसलं. मी दोन्ही विसरलेलो नाही.

वस्तादांची मेहनत आठवते? जोर, बैठका, दोर, आणि शेवटी नाल उचलायचा, तो दगडी कड्यासारखा भोक पाडलेला गोल दगड. नाल ज्याला कानापर्यंत नेता येईल तो पैलवान. मी एकदा विचारलं, "वस्ताद, दगड चालतो, मग लोखंड का न्हाई चालत?" तू माझ्या बरगडीत कोपर मारलंस. वस्ताद म्हणाले, "दगूड मातीतनं येतो. लोखंड कुठनं येतं?" मी म्हणालो, "ते बी मातीतनंच येतं की." मला त्या दिवशी इतक्या बैठका पडल्या की पालापर्यंत तूच मला धरून नेलंस. वाटभर हसत होतास.

वस्ताद अगदीच चूक होते असं मी तेव्हाही म्हणत नव्हतो. शहरातून दारासारखी छाती करून आलेली पोरं आपण पाहिली होती. मान वळवायची तर सगळं अंग वळवायची. मातीत आली की दोन मिनिटांत धाप. वस्ताद म्हणायचे, "लोखंडानं अंग धरतं, ताठ व्हतं. धरलेलं अंग आखाड्यात पावणं व्हतं." त्यांनी जे पाहिलं होतं त्यावरून त्यांचं बरोबर होतं. पण त्यांनी जे पाहिलं नव्हतं ते तू पाहून आलास.

तू खेळाडू म्हणून सैन्यात भरती झालास. पहिल्याच वर्षी किराणा दुकानातल्या फोनवर तुझा निरोप आला, बिराला बोलवा. मला वाटलं घरी काही झालं. तू म्हणालास, "बिरा, आज मला एकानं उचलला."

"म्हंजे?"

"मी खाली दबून बसलो व्हतो. जमिनीला चिकटून. मातीत मला तसं कुणी हलवत न्हवतं ठाऊक हाय न्हवं तुला? हरयाणाचा हाय एक. माझ्या कमरंला मिठी घातली आन् पोतं उचलल्यागत उचलून टाकला रं."

"मग तू काय केलंस?"

"काय करतोय? त्याच्याच संगं चा प्यायला गेलो. इचारलं, काय खातोस? तो हसाय लागला. म्हनाला, खाना नहीं, उठाना."

तिथून तुझं लोखंड सुरू झालं. बार खांद्यावर घेऊन बैठका. जमिनीवरून बार ओढून सरळ उभं राहणं. तुझ्या कोचने तुला पहिले काही महिने नुसत्या बारवर ठेवलं, वजन लावूच दिलं नाही, आणि तू चिडून मला फोन करत होतास. तुझ्यावर माझा तेव्हा विश्वास बसला नव्हता. पण रजेवर आलास आणि आपण रानात झोंबी घेतली, तेव्हा मी समजलो. तू माझ्या कमरेला मिठी घातलीस आणि माझे पाय जमिनीवरून सुटले. भरतीआधी ते तुझ्याच्यानं होत नव्हतं. आणि तुझी मान पहिल्यासारखीच मऊ होती.

त्या पावसाळ्यात कृष्णेचा पूर सांगलीत शिरला. पाणी ओसरल्यावर एका बंद पडलेल्या जिमचं लोखंड चिखलातून निघून भंगारात चाललं होतं. भंगारवाला ते व्यायामाचं सामान म्हणून विकू बघत होता आणि मी गंजका चिखल म्हणून मागत होतो. दुपारपर्यंत आमची घासाघीस चालली. शेवटी तो म्हणाला, "ने बाबा, तुझ्या तोंडाला लागण्यापरीस नदी परवडली." मेंढरांच्या टेम्पोत घालून मी ते आणलं आणि माझ्या शेडच्या मागच्या अंगाला ठेवलं. घासलेट लावून प्लेटा तूच घासल्यास. तुझ्या प्रत्येक रजेत सकाळी तू मेंढ्यांच्या मधून वाट काढत यायचास, बार खांद्यावर घ्यायचास, आणि मी मागे काखेखाली हात धरून उभा राहायचो.

मग ती यात्रा आली. आपल्या गावचं मैदान. पंच कमिटीपुढं तुझी जोड मीच लावली. कमिटीला तुझ्यासमोर शिराळ्याकडचा एक उंच गडी द्यायचा होता. मी त्याला चालताना पाहिलं होतं. मेंढा घेताना मी आधी मागचे पाय बघतो, तसेच त्याचे बघितले. पाठ मोठी, पण मांडीत दम नाही. मी मुद्दाम नको नको म्हणत राहिलो, तशी कमिटी हट्टाला पेटली आणि तीच जोड लागली. तू त्याला कमरेतून उचललंस. अख्खं मैदान उभं राहिलं. चितपट!

वस्तादांनी तुला फेटा बांधला. माईक तुझ्यापुढं धरला आणि म्हणाले, "सांग पोरास्नी, ही ताकद कुठनं आणलीस?"

त्याच सकाळी माझ्या शेडमध्ये तू नुसता बार खांद्यावर घेऊन अंग मोकळं केलं होतंस. तुझ्या खांद्यावर गंजाची रेघ उठली होती ती मीच ओल्या फडक्याने पुसली होती.

तू म्हणालास, "ह्याच हौद्यातनं, ह्याच तांबड्या मातीतनं. वस्तादांच्या पायाशपथ, लोखंडाला मी शिवलो न्हाई."

शपथ तुला कुणी मागितली नव्हती, संपत. नुसतं "वस्तादांच्या कृपेनं" म्हणाला असतास तरी भागलं असतं. दुसऱ्या दिवशी वस्तादांच्या कानावर कुणीतरी घातलंच, बिऱ्याच्या शेडात लोखंड आहे. त्यांनी आपल्या दोघांना हौद्याच्या कडेला उभं केलं. मला विचारलं, "हाय?" मी म्हणालो, "हाय." मग तुला विचारलं, "तू जातोस तिथं?" तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता बोलेल. तू खाली बघून म्हणालास, "न्हाई. ते बिराचं हाय."

वस्ताद मला म्हणाले, "उद्यापासनं हितं पाय ठेवायचा न्हाई."

तुमच्यातल्या कुणाला तालमीतून काढलं असतं तर सोयरे-धायरे मिटवायला आले असते. माझ्यासाठी कोण येणार? मेंढरामागचा आत आला होता, तो बाहेर गेला, एवढंच झालं. तू संध्याकाळी शेडवर आलास. मी तुला आईबहिणीवरून बोललो. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "वस्ताद जिवंत हायत तवर न्हाई जमायचं गड्या. त्यांच्या मागं मी समद्यांम्होरं सांगीन. आई शप्पत."

वस्ताद तेव्हाच म्हातारे होते. खरं सांगायचं तर आपल्या दोघांच्या मनात एकच हिशेब होता, आता किती वर्षं? आणि वस्ताद, देव त्यांना सुखी ठेवो, अजून सकाळी स्वतःच्या पायांनी ओढ्यापर्यंत जाऊन येतात. तू त्यांच्या जाण्याची वाट बघत बसलास आणि त्यांनी काल तुझ्या फोटोला हार घातला.

मी तुझ्याशी बोलणं तोडलं नाही. का तोडलं नाही ते मला अजून सांगता येत नाही. मी माणसं तोडायला कचरत नाही हे अख्ख्या बाजाराला ठाऊक आहे. पण तू रजेवर आलास की सकाळी शेडचं दार वाजायचं आणि मी उठून मागे उभा राहायचो. शिव्या देत देत, पण उभा राहायचो.

मग तू निवृत्त होऊन आलास आणि स्नेहलला घेऊन आलास. तिला चटईवरच्या कुस्तीचं वेड लागलं होतं. तू तिला पहिल्या दिवशी नुसती काठी दिलीस खांद्यावर घ्यायला. मी म्हणालो, "अरं, पोरगी म्हशीचं रेडकू उचलती, तिला काठी?" तू म्हणालास, "लोखंड डाव शिकवत न्हाई, बिरा. डाव आला की मगच लोखंड." यावरून आपण किती भांडलो! मला वाटायचं वजन वाढव, तुला वाटायचं थांब. मैदानाच्या आधी आठवडाभर तू बारला हात लावू द्यायचा नाहीस, आणि मला ते नुकसान वाटायचं. पण तिने दिवाळीआधी तिच्यापेक्षा वरच्या गटातल्या पोरीला खालून मिठी घालून उचललं तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलं. भांडणात तू जिंकला होतास. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही. आता सांगतो.

पण बाकीच्यात तू हरलास, आणि ते मी कुणाला दुसऱ्याच्या नावावर खपवू देणार नाही.

दिवाळीनंतर तुला जिना चढताना छाती भरल्यासारखी वाटायला लागली. मीच तुला सांगलीला नेलं. डॉक्टरांनी बापाचं विचारलं. तुझे वडीलही छातीच्याच दुखण्याने कमी वयात गेले, ते तू सांगितलंस. डॉक्टर म्हणाले, उशीर करू नका, तपासणी करून घ्या, ऑपरेशनची गरज पडली तर लगेच करू. तू हो म्हणालास. त्या दिवसापासून तू बारला हात लावला नाहीस. नुसता पोरीच्या मागे उभा राहून तिला सांगायचास. हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि कुणी विचारलं तर कुठेही उभा राहून सांगेन.

पण सांगलीला परत गेला नाहीस. का? तर उसाला तोड आली नव्हती. कारखान्याचा माणूस आज उद्या करत होता, उसाला तुरे आले होते. तू म्हणायचास, "तोड येऊ दे, मग जातो." मी म्हणालो, "ऊस गुऱ्हाळाला घाल. मी बोलतो गुऱ्हाळवाल्याशी, उद्या टोळी लावतो." तू म्हणालास, "अण्णा काय म्हणतील? घरच्या उसानं कारखाना सोडलेला न्हाई कवा." मी ओरडलो, "छाती तुझी हाय का अण्णांची?" तू हसलास. तुझं ते हसणं मला कधीच आवडलं नाही, संपत. अंगात एवढं बळ, आणि वडीलधाऱ्या माणसापुढं नुसतं एक वाक्य उचलायचं म्हटलं की तुझे हात गळायचे.

तोडीची टोळी रानात उतरली त्या दिवशी तू ओट्यावर चहा पीत बसला होतास. कप खाली ठेवलास आणि वहिनींना म्हणालास, जरा पडतो. एवढंच.

सुतकात माणसं बोलायला लागली की लोखंडाने घात केला. मी ऐकत राहिलो, कारण सुतकात भांडू नये एवढं मलाही कळतं. काल सुतक संपलं होतं.

तर मी उठलो. अध्यक्ष म्हणाले, "बिरूशेठ, वेळ कमी हाय." आता मी शेठ आहे, टेम्पो घेतले तेव्हापासून. मी म्हणालो, "माईक नको. माझा आवाज बाजारातला हाय. मला आदी एक सांगा. संपत लोखंडाला शिवला न्हाई का लोखंडानं मेला? दोन्ही कसं व्हईल? एक काय ते ठरवा."

कुणीतरी हसलं आणि हसू दाबलं. मग मी सगळं सांगितलं. शेड, बार, रजा, यात्रेची सकाळ. सांगलीचे डॉक्टर. तुझ्या वडिलांचं वय. तू बार कधी सोडलास ते. माजी सरपंच म्हणाले, "मेलेल्या माणसावर आळ घेतोस व्हय रं? साक्षीदार कोण?" मी म्हणालो, "साक्षीदार फोटोत हाय. जित्तेपणी बोलला न्हाई, आता काय बोलतोय!"

सगळे वस्तादांकडे बघत होते. मला वाटलं, आता काठी उगारतील. मी तयार होतो. पण त्यांचा चेहरा उतरला. ते मला म्हणाले नाहीत, कुणालाच म्हणाले नाहीत, तुझ्या फोटोकडे बघून म्हणाले, "मला का न्हाई सांगितलंस रं? मी काय मारणार व्हतो का तुला?"

ते मी तुलाच विचारतो. काय केलं असतं त्यांनी? चार दिवस बोलले नसते. तुझ्या डोक्यात त्यांचा राग डोंगराएवढा होता आणि तो तू मापून कधी बघितलाच नाहीस.

मग ते म्हणाले, "पोरगीला बोलवा." स्नेहल आली. तिला खाली बसायला लावलं आणि खुर्चीतूनच त्यांनी तिच्या मानेवर पंजा टाकला, आपण सलामी झाल्यावर टाकतो तसा. ओढली. ती पोरगी तुझीच. अडली नाही, हिसकली नाही. ओढीबरोबर मान सोडली, खांदा आत घातला आणि त्यांचा हात निसटला. त्यांनी पुन्हा धरली. पुन्हा निसटली. नव्वदीकडे झुकलेला माणूस, संपत, पण मानेवर हात टाकताना त्याचा पंजा थरथरत नव्हता.

"मऊ हाय," वस्ताद म्हणाले.

मी लगेच म्हणालो, "बघा! लोखंड उचलून बी..."

"तू गप. लोखंडाचं काय कौतिक सांगू नगंस. तिच्या बापानं शिकीवलंय म्हनून मऊ हाय." मग अण्णांकडे वळून म्हणाले, "खेळू दे तिला. काय उचलायचं ते तिच्या बापानं ठरीवलंय. तू मदी पडू नगंस."

अण्णांनी मान डोलावली. पोरीने वस्तादांच्या पायांना हात लावला. मी बसणार, एवढ्यात वस्ताद माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आन् तू. तू हौद्यात पाय ठेवायचा न्हाईस. आदी लोखंडापायी न्हवता ठेवायचा. आता माझ्या पोराला चारचौघात खोटा पाडलास म्हनून."

मी म्हणालो, "आवं वस्ताद, मला हौदा नको. माझी शेड हाय."

म्हणजे पोरीचा सौदा मी पदरात पाडला आणि स्वतःचा हरलो. इतक्या वर्षांनी खरं बोललं गेलं, तरी ते तुझ्या तोंडून न आल्यामुळे मीच गुन्हेगार राहिलो. याचा मला राग आहे. तू गेलास म्हणून तो कमी करणार नाही. मेलेल्या माणसाला माफ करणं सोपं असतं, तो काही मागत नाही. तुला मी एवढ्या स्वस्तात सोडणार नाही.

जाताना अण्णांना मी गाठलं आणि गुऱ्हाळाचं विचारलं. ते म्हणाले, "मला कवा बोलला? मी सोता नेऊन घातला असता ऊस." खरं बोलत असतील. किंवा आता बोलायला सोपं आहे म्हणून बोलत असतील. मी बाजारातला माणूस, माल गेल्यावर सांगितलेला भाव मी धरत नाही. पण मी तिथून निघालो. ते पाटावरच्या लिंबाखाली जाऊन एकटेच उभे राहिले होते.

रात्र कशीबशी गेली, आणि एक अडचण होती जी मी कुणाला सांगितली नव्हती. बार खांद्यावर घेऊन बसताना मागे कुणीतरी उभं लागतं. काखेखालून हात घालून, अंगालगत. तिच्या मागे तू उभा राहायचास. मी तिचा काका म्हणवतो, पण रक्ताचा नाही, आणि पोरगी सतरा वर्षांची. मी तिथे उभा राहिलो तर जे लोक काल गप्प बसले ते उद्या वेगळंच बोलतील. काल जे मिळवलं ते असं घालवायचं नव्हतं.

आज सकाळी मी शेडचं पुढचं दार काढून टाकलं. बिजागरीसकट. आता रस्त्यावरून सगळं दिसतं. तेवढ्यात स्नेहल आली, आणि तिच्यामागून वहिनी.

सव्वा महिना व्हायचाय अजून, संपत. तुझ्या घरातून बाई इतक्या लवकर बाहेर पडलेली मी ऐकली नाही. डोक्यावर पदर घेऊन त्या भर उजेडात गावातून चालत आल्या. आत आल्यावर पदर कमरेला खोचला आणि मला विचारलं, "भावजी, हात कुठं ठेवायचं ते सांगा."

मी बाहेर अंगणात उभा राहून सांगितलं. पाय एवढे लांब. तिच्याबरोबर तुम्हीही खाली बसायचं. हात काखेखाली, पण लावायचे नाहीत. बार अडला, मान खाली गेली, तरच धरायचं. वहिनींनी दोनदा नुसतंच करून पाहिलं. रस्त्याने दुधाच्या किटल्या घेऊन जाणारे दोघे थांबले. एक म्हणाला, "आता बाया बी लागल्या व्हय?" मी वळून पाहिलं तसा तो पुढं गेला. दुसरा थांबून राहिला.

मी हलकं वजन लावायला सांगितलं होतं. महिनाभर तिने बार धरला नव्हता. ती म्हणाली, "न्हाई काका. पप्पांनी शेवटी लावलं होतं तेवढंच." मी नाही म्हणालो. ती ऐकेना. मी ओरडलो. तीही ओरडली. शेवटी प्लेटा तिनेच चढवल्या.

तिने बार खांद्यावर घेतला, दोन पावलं मागे सरकली, श्वास धरला आणि बसली. खालून उठताना निम्म्यात अडली. मांड्या थरथरायला लागल्या. वहिनी घाबरल्या, त्यांचे हात पुढे गेले.

मी बाहेरून ओरडलो, "लावू नका! वहिनी, हात लावू नका! मान वर हाय तिची, येतीया ती! येऊ द्या!"

वहिनी थांबल्या. त्यांचे हात लेकीच्या काखेखाली, अंगापासून बोटभर लांब, तसेच उघडे राहिले.

आली, संपत. सरळ उभी राहिली.